सेंद्रिय बाजारात आधी सांभार-वांगी मांडा, बटाटे-कांदे नंतर

प्रति,
नागपुरात सेंद्रिय भाजी-फळांचे आठवडी बाजार भरवणारे सर्व आयोजक
आणि या बाजारांना आवार देणाऱ्या गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणी

स. न. वि. वि.

भाजीपाला लागवड, कीडनियंत्रण आणि फवारलेल्या औषधांच्या अवशेषांची तपासणी या कामांत असलेली आम्ही काही माणसे हे पत्र लिहीत आहोत. पत्र खुले ठेवले, कारण यातला अर्धा मजकूर तुमच्यासाठी आहे आणि अर्धा तुमच्या टेबलासमोर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. घरातली सगळी भाजी आणि फळे सेंद्रिय घेणे बहुतेक कुटुंबांना परवडत नाही. जे सगळेच घ्यायला निघतात, ते दोन-तीन महिन्यांत थकतात आणि परत नेहमीच्या भाजीबाजाराच्या, कॉटन मार्केटच्या, रस्त्याला लागतात. म्हणून माणूस सेंद्रियसाठी जे चार पैसे जास्त मोजतो, ते जिथे औषधाचा अंश पोटात जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच भाजीवर लागले पाहिजेत. बाजारात बऱ्याचदा याच्या उलट मांडणी दिसते. समोर बटाटे, कांदे, लसूण, कोहळं, केळी यांचे ढीग असतात, आणि पालक, सांभार (कोथिंबीर), वांगी कोपऱ्यात असतात, तीही तासाभरात संपणारी. यामागचे कारण आम्हाला कळते. बटाटा या रविवारी उरला तर पुढच्या रविवारी विकता येतो, सांभार मात्र दुपारी मान टाकतो. पण सोय विक्रेत्याची होते आणि जास्तीचा दर गिऱ्हाईक भरते, तेही जिथे गरज सर्वांत कमी तिथे.

आधी भीतीचे प्रमाण ठरवून घेऊ. केंद्र सरकारच्या देशव्यापी अवशेष देखरेख योजनेत २०१४-१५ या वर्षी भाज्या, फळे, मसाले, दूध वगैरेंचे २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १८.७ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि २.६ टक्के नमुन्यांत ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होते. म्हणजे बाजारातली प्रत्येक भाजी विषारी आहे, हे म्हणणे खरे नाही. तुमच्या फलकांवर ते लिहू नका. पण त्याच तपासणीतला आणखी एक आकडा आम्हाला जास्त बोचतो: १२.५ टक्के नमुन्यांत मान्यता नसलेली औषधे सापडली. मान्यता नसलेले औषध भाजीवर येते कसे, हे विदर्भात कोणाला समजावून सांगावे लागू नये. कपाशीसाठी आणलेली बाटली घरात असते, बांधाशेजारी दहा ओळी भेंडी किंवा मिरची असते, आणि पंप एकच असतो.

कोणती भाजी सेंद्रिय घ्यावी हे ठरवताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो: साल पोटात जाते का? दिसायला साधा प्रश्न आहे, पण उत्तर स्वयंपाकावर अवलंबून असते. दोडके सोलून भाजी केली तर वरचा अंश सालीबरोबर गेला. पण त्याच दोडक्याच्या शिरांची चटणी केली, तर ज्या भागावर फवारा सर्वांत जास्त बसतो तोच भाग आपण तेलात परतून खाल्ला. सरबताला लिंबू कोणतेही चालेल. लोणच्याला सालीसकट मुरणारे लिंबू सेंद्रिय असलेले बरे. संत्रे सोलून खाल्ले तर काळजी कमी, त्याच्या सालीची चटणी करायची असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नुसत्या भाजीच्या नावावर यादी करून भागत नाही, ती भाजी घरात कशी खाल्ली जाते ते पाहावे लागते.

दुसरा प्रश्न तोड्याचा. फवारणी आणि तोडा यांत किती दिवस जावेत, हे प्रत्येक औषधाच्या लेबलवर पिकानुसार लिहिलेले असते. आता प्रत्यक्ष वावरात काय होते ते पाहा. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर निबर होते. वांग्याचा तोडा चार-पाच दिवसांनी येतो. वांग्यावरच्या अळीसाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरँट्रानिलिप्रोल या औषधाच्या लेबलवर कोबीसाठी ३ दिवसांचे अंतर आहे, भेंडीसाठी ५ आणि वांग्यासाठी २२ दिवसांचे. बावीस दिवसांत वांग्याचे किमान चार तोडे होतात. चार तोडे फेकून देणे कोणत्या शेतकऱ्याला परवडेल? त्यात शेंडे आणि फळे पोखरणारी ही अळी अंड्यातून निघाली की काही तासांतच फळात शिरते. आत गेल्यावर तिला वरून मारलेले औषध लागत नाही. म्हणून ती शिरण्याआधी मारायची, आणि रोज नवी अंडी पडत असल्यामुळे पुन्हा पुन्हा मारायची. यात शेतकऱ्याची नियत वाईट आहे असे नाही. पिकाची आणि किडीची रचनाच तशी आहे, आणि म्हणूनच वांगे आमच्या यादीत वर आहे.

तिसरा प्रश्न औषधाच्या जातीचा. स्पर्शजन्य औषध पानाफळाच्या वर बसते, धुण्यासोलण्याने बरेचसे निघते. आंतरप्रवाही औषध, जसे इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम किंवा अॅसिफेट, झाडाच्या रसात उतरते. रसशोषक किडींवर, म्हणजे मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर बहुधा हीच वापरतात. ती धुऊन जात नाहीत. ज्या पिकांचा मुख्य शत्रू रस शोषणारा आहे, त्यांच्याबाबत नळाच्या पाण्यावर फार भरवसा ठेवू नये.

आणि चौथा, जो बहुतेक याद्या विसरतात: ती भाजी घरात कोण खाते आणि किती? पंधरा किलोच्या मुलाने आणि साठ किलोच्या माणसाने एकाच वाडग्यातली भाजी सारखीच खाल्ली, तर वजनाच्या मानाने मुलाच्या अंगाला चौपट अंश लागतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर सेंद्रियचे पैसे त्यांच्या ताटात रोज काय पडते ते पाहून खर्च करावेत.

हे चारही प्रश्न लावले की नागपूरच्या पिशवीचा क्रम बऱ्यापैकी स्पष्ट होतो.

सर्वांत वर पालेभाज्या: पालक, मेथी, चवळाई, लाल माठ, आंबटचुका, आणि त्यांच्याबरोबर सांभार, पुदिना, कढीपत्ता. पानाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड असतो, सोलण्यासारखे काही नसते, आणि पीक महिनाभराचे असल्याने शेवटची फवारणी तोडणीच्या जवळच पडते. सांभार तर आपण कच्चाच भाजीवर पेरतो, शिजण्याने जो थोडा अंश कमी होतो तोही इथे होत नाही. कढीपत्त्याकडे फोडणीची चार पाने म्हणून दुर्लक्ष होते, पण घराच्या आवारात एक झाड असले तर हा प्रश्न कायमचा मिटतो. संस्थांच्या कार्यकारिणींनी शोभेच्या झाडांमध्ये दोन झाडे कढीपत्त्याची लावावीत, ही आमची विनंती.

त्याखालोखाल वांगी, हिरवी मिरची, फुलकोबी आणि भेंडी. मिरचीवर फुलकिडे आणि कोळी आले की पाने वळतात, ज्याला आपण चुरडा-मुरडा म्हणतो, आणि एकदा तो दिसू लागला की फवारण्या थांबत नाहीत. फुलकोबीचा गड्डा उघडा असतो, त्याच्या फटींत औषध साचते आणि धुताना तिथपर्यंत पाणी जात नाही. पानकोबीचे तसे नाही. तिची पाने आतून गुंडाळत जातात, आतल्या पानांना फवारा फारसा लागत नाही. बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकली की पानकोबी साधी घेतली तरी चालते. एकाच कुळातल्या या दोन भाज्या. सेंद्रियचे पैसे मात्र फुलकोबीवरच लावावेत.

ऋतूही पाहा. हिवाळ्यातली फुलकोबी आणि श्रावणातली फुलकोबी यांत फवारण्यांचा मोठा फरक असतो, कारण हंगामाबाहेरच्या पिकावर कीड आणि बुरशी दोन्ही जास्त. सेंद्रिय मिळत नसेल तर हंगामाबाहेर ती भाजी न घेणे हा बिनपैशाचा उपाय आहे.

वाळलेली लाल मिरची मात्र या सगळ्यांत वेगळी काढून सांगायला हवी. ओली मिरची वाळते तेव्हा पाणी उडते आणि औषधाचा बराचसा अंश मागे राहतो, म्हणजे किलोमागे तो वाढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षभराचे तिखट एकदाच कुटून ठेवतात. वर्षाला चार-पाच किलो मिरची लागणाऱ्या घराने ती एकदा खात्रीच्या शेतकऱ्याकडून सेंद्रिय घेतली, तर जास्तीचा खर्च वर्षातून एकदाच होतो आणि फायदा रोजच्या वरणभाजीत मिळतो. मिरचीसाठी ओळखला जाणारा भिवापूर तालुका आपल्याच जिल्ह्यात आहे. मार्चमध्ये आधी नोंदणी घेऊन मिरचीची विक्री ठेवा. आमच्या मते तुमच्या वर्षातली ही सर्वांत उपयोगी विक्री ठरेल.

मधल्या फळीत टोमॅटो, ढोबळी मिरची, तोंडले, कारले, ढेमसे, चवळीच्या आणि वालाच्या शेंगा येतात. परवडले तर सेंद्रिय, नाहीतर नीट धुऊन. खालच्या फळीत कांदा, लसूण, बटाटा, रताळे, सुरण, कोहळं, सोलून खायचा दुधी, मटाराचे दाणे, मक्याचे कणीस, मुळा. यांना एकतर जाड आवरण आहे किंवा खाण्याचा भाग जमिनीत आहे. बटाट्याला शीतगृहात कोंब येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी क्लोरप्रोफॅम देतात, पण त्याचा अंश मुख्यतः सालीत राहतो, सोलला की प्रश्न बहुतांशी संपला.

काटवल (कर्टोली), तरोटा (टाकळा) यांसारख्या पावसाळ्यातल्या रानभाज्या, तसेच परसातली हेटीची (हादग्याची) फुले, मुंगण्याच्या (शेवग्याच्या) शेंगा आणि पाला, यांना सहसा कोणी फवारत नाही. त्यावर सेंद्रियचा वेगळा दर लावू नये. एकच खबरदारी घ्यावी. तरोटा कपाशीच्या धुऱ्यावरून (बांधावरून) खुडलेला नसावा. तिथे तणनाशक मारलेले असते आणि शेजारच्या फवाऱ्याचे तुषारही उडून येतात. विकणाऱ्या बाईला "कुठून खुडला?" असे विचारले की ती सरळ सांगते.

इंटरनेटवर फिरणारी, सर्वांत जास्त अंश असलेल्या भाजी-फळांची अमेरिकेतली 'डर्टी डझन' ही यादी मराठी करून फलकावर लावू नका. तिच्यात स्ट्रॉबेरी, केल ही पालेभाजी आणि पीच आहेत. ती तिथल्या शेतांतल्या आणि तिथल्या बाजारांतल्या नमुन्यांवरून बनते. नागपूरच्या घरात आठवड्याला किती केल येतो? आणि तिच्यात ढेमसे, सांभार, वांगे कुठे आहेत?

फळांत आमचा पहिला क्रमांक द्राक्षांचा. सोलता येत नाहीत, घडाच्या आत पाणी जात नाही, आणि केवडा व भुरी या रोगांमुळे बागेत फवारण्या फार होतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती. युरोपला निर्यात होणाऱ्या प्रत्येक बागेचा नमुना तपासला जातो, देशात विकल्या जाणाऱ्या मालाला तशी सक्ती नाही. सेंद्रिय द्राक्षे मिळाली नाहीत तर निर्यातीसाठी नोंदलेल्या बागेचा माल आणा आणि तपासणीचा अहवाल टेबलावर ठेवा, तोही चांगला पर्याय आहे. (द्राक्षावरची पांढरट लव पाहून गिऱ्हाईक घाबरते. ती बहुधा द्राक्षाचे स्वतःचे नैसर्गिक मेण असते.) त्यानंतर पेरू, बोरे, सफरचंद ही सालीसकट खायची फळे. सफरचंद सोलले तर साधे चालते.

संत्र्याबद्दल थोडे सविस्तर, कारण नागपुरात सेंद्रिय म्हटले की पहिले तेच विचारले जाते. मृग आणि आंबिया दोन्ही बहारांत सायला आणि काळी माशी या रस शोषणाऱ्या किडींसाठी फवारण्या होतात, हे खरे. पण अंश बहुतांशी सालीत राहतो. प्रयोगशाळा आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे संत्रे सालीसकट वाटून तपासते, त्यामुळे अहवालातला आकडा फोडीतल्या अंशापेक्षा मोठा दिसतो. कळमना बाजारातून येणारे चकचकीत, मेण लावलेले संत्रे सोलण्याआधी धुवा. कारण साल सोललेल्या त्याच हातांनी आपण फोडी वेगळ्या करतो. शेतकऱ्याला आधार म्हणून सेंद्रिय संत्रे जरूर विका, तो चांगला हेतू आहे. पण आरोग्यासाठी पहिली गरज म्हणून ते विकू नका. केळी, पपई, टरबूज, डाळिंब, सीताफळ, फणस यांचेही तसेच. आंबा आणि केळीत खरा प्रश्न पिकवण्याचा आहे. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, वापरायला परवानगी आहे. आंबा कशाने पिकवला, हे लिहिणे फलकावर बंधनकारक करा.

धुण्याबद्दल बाजारात फार गैरसमज आहेत. वाहत्या नळाखाली अर्धा मिनिट चोळून धुणे, हा सर्वांत स्वस्त आणि बऱ्याच औषधांवर चालणारा उपाय आहे. खाण्याच्या सोड्याचा प्रयोग २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर झाला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चहाचे चमचे, सोडा घालून १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर वरचा थायाबेंडाझोल सुमारे ८० टक्के आणि फॉस्मेट ९६ टक्के निघाला. पण जे सालीत मुरले होते ते निघाले नाही. टोमॅटो, पेरू, ढोबळी मिरचीला हा उपाय करा, पालेभाजीला नको. मिठाच्या किंवा हळदीच्या कोमट पाण्याने फुलकोबीतल्या अळ्या बाहेर येतात, औषध पूर्ण निघेल याची खात्री नाही. साबण भाजीला कधीच नको.

पालकाची जुडी धुताना चूक कुठे होते ते जवळून पाहा. जुडीची दोरी न सोडता ती पाण्यात बुडवतात, हलवतात, आणि मग भांड्यातले पाणी चाळणीत ओततात. पाण्याच्या तळाशी बसलेली माती आणि तिला चिकटलेले सगळे पुन्हा पानांवरच पडते. दोरी सोडा, मुळाकडचा दोन बोटे भाग कापून टाका, पाने मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात सोडा, दोन मिनिटांनी हाताने वर उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. तळाचे पाणी फेका. तीनदा करा. तिसऱ्या वेळी तळाशी वाळू बोटाला लागली नाही म्हणजे झाले. मिरचीचे देठ धुतल्यानंतर काढा, आधी काढले तर पाणी आत शिरते. वांग्याची हिरवी टोपी कापून टाका, तिच्याखाली फवारा साचतो. भेंडी आधी धुवा, कोरड्या फडक्याने पुसा, मग चिरा. फुलकोबीचे तुरे सुटे करून मगच पाण्याखाली धरा.

सेंद्रिय भाजीही अशीच धुवायची आहे, आणि तुमच्या स्वयंसेवकांनी "आमची धुतली नाही तरी चालते" असे सांगणे बंद केले पाहिजे. ताज्या शेणाचे जंतू पानावर असतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत जमिनीला लागून वाढणाऱ्या पिकासाठी कच्चे शेणखत घातल्यापासून तोडणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात. पालक तर महिन्याभरात येतो. म्हणजे पालकाला फक्त पूर्ण कुजलेले खत, आणि तोडणीच्या आठवड्यात पानांवर जीवामृताची (शेण-गोमूत्राच्या द्रावणाची) फवारणी नको. पिकवणाऱ्याला ही अट आधीच सांगा.

याहून गंभीर प्रश्न पाण्याचा आहे. शहराच्या सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीत शिसे, कॅडमियमसारखे धातू मुळांवाटे पानात जातात. ते धुऊन जात नाहीत, सोलून जात नाहीत, शिजवून जात नाहीत. शेतकऱ्याने एकही रासायनिक फवारणी केली नसली तरी ती भाजी आम्ही मुलांना देणार नाही. शहराच्या काठावरच्या प्रत्येक पालेभाजी उत्पादकाकडे जाऊन पाणी विहिरीचे, बोअरचे, कालव्याचे की नाल्याचे, हे डोळ्यांनी पाहून या. फोनवर विचारून भागणार नाही.

आता कागदांकडे. सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ मध्ये आले आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यांत दोन वाटा आहेत. एक, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली त्रयस्थ संस्थेचे प्रमाणीकरण. दुसरी, पीजीएस-इंडिया ही शेतकरी गटांनी एकमेकांची पाहणी करण्याची पद्धत. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला थेट गिऱ्हाइकाला विकताना प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण सेंद्रिय अन्नाचे सरकारी चिन्ह त्याला वापरता येत नाही. म्हणून प्रमाणपत्र नाही म्हणून कोणाला खोटे ठरवू नका, आणि चिन्ह दिसले की कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागदात काय पाहायचे? मुदत, क्षेत्र आणि पिकांची नावे. प्रमाणपत्र तूर आणि हळदीचे असते आणि त्याच्या जोरावर टेबलावर पालक विकला जातो, असे घडू शकते. अर्ध्या एकराच्या नोंदीवर पाच बाजारांना पुरेल इतका माल येत असेल तर हिशेब विचारा. रासायनिक शेती सोडल्यावर हंगामी पिकांना दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे रूपांतरणाची धरली जातात. त्या काळातला माल 'रूपांतरणातला' म्हणूनच विका. दरही मधला ठेवा. या वर्षांतच शेतकऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान होते, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळणे फार गरजेचे आहे.

'गावरान', 'नैसर्गिक', 'विषमुक्त' हे शब्द जपून वापरा. गावरान म्हणजे वाण. गावरान वांग्यावरही तीच अळी येते आणि तीच औषधे पडतात. 'सेंद्रिय' म्हणजे फवारणीच झाली नाही असेही नाही. निंबोळी अर्क, दशपर्णी, बोर्डो मिश्रण, गंधक हे सगळे सेंद्रिय शेतीत चालते. नियमांनुसार सेंद्रिय मालातही कीटकनाशकाचा अंश सर्वसाधारण मर्यादेच्या ५ टक्के, किंवा यंत्राने मोजता येण्याजोगा किमान अंश, यांपैकी जे जास्त तेवढा चालतो, कारण शेजारच्या वावरातून तुषार उडतात. 'जैविक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत रसायन मिसळलेले निघणे हेही अवशेषाचे एक कारण आहे. शेतकऱ्याला आपले औषध स्वतः बनवायला शिकवणे यासाठीच महत्त्वाचे. ५ टक्के निंबोळी अर्काला ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १०० लिटर करावी लागते. उन्हात थेट वाळवलेल्या किंवा बुरशी धरलेल्या निंबोळीचा अर्क कमजोर निघतो, मग कीड आटोक्यात येत नाही आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो.

फुलकोबीत अळी निघाली म्हणजे भाजी सेंद्रिय, हाही भ्रम सोडा. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी अनेक औषधांना सरावलेली आहे, ती फवारलेल्या गड्ड्यातही जिवंत असते. हातात धरायची नायट्रेट मोजणारी किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारी यंत्रे कीटकनाशक मोजत नाहीत. त्यांचे प्रात्यक्षिक बाजारात करू देऊ नका.

खरी तपासणी म्हणजे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बहुअवशेष चाचणी, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधांचे अंश शोधणारी चाचणी. एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात, म्हणून ते कुठे लावायचे हे ठरवून लावा. बटाटे तपासून स्वच्छ अहवाल मिळवणे सोपे आहे, त्याने काही सिद्ध होत नाही. वांगी, मिरची, फुलकोबी, पालक तपासा. नमुना तुम्ही उचला, शेतकऱ्याने आणून दिलेला घेऊ नका. लहान भाजीचा किमान १ किलो, मध्यम आकाराचा १ किलो पण किमान दहा नग, मोठ्या गड्ड्यांचा २ किलो आणि किमान पाच नग. वेगवेगळ्या क्रेटमधून उचला, धुऊ नका, त्याच दिवशी थंड पेटीतून पाठवा. मँकोझेबच्या गटातली बुरशीनाशके आणि ग्लायफोसेट बहुअवशेष चाचणीत दिसत नाहीत, त्यांची चाचणी वेगळी मागावी लागते. टोमॅटो आणि द्राक्षासाठी मँकोझेब गटाची चाचणी जरूर मागा. अहवाल चांगला आला तरी तो त्या दिवसाच्या त्या मालाचा आहे. वर्षभर तोच लॅमिनेट करून टांगू नका.

पिकवणाऱ्याची बाजूही तुम्हीच सांभाळायची आहे. सेंद्रिय वांग्यात चार किडकी निघणारच. गिऱ्हाईक निवडून घेते आणि उरलेली टोपली शेतकरी परत नेतो, असे दोन महिने झाले की तो बाजार सोडतो किंवा गुपचूप फवारतो. हंगामाच्या सुरुवातीलाच दर ठरवा, निवडून घ्यायला मनाई करा, आणि किडकी वांगी वेगळ्या टोपलीत निम्म्या दरात ठेवा. भरीत करणाऱ्याला तो भाग कापून टाकायला काही वाटत नाही. पालेभाजीची नोंदणी शुक्रवारपर्यंत घ्या, तितकीच तोडायला सांगा. मग सांभार मान टाकण्याची भीतीही राहत नाही आणि बटाटे पुढे मांडायचे कारणही उरत नाही.

शेवटी एक मागणी, जी पुढच्याच रविवारी पुरी होऊ शकते. प्रत्येक टोपलीजवळ शाळेची पाटी ठेवा आणि खडूने इतकेच लिहा: "पालक. पाणी विहिरीचे. शेवटची फवारणी निंबोळी अर्क, नऊ दिवसांपूर्वी. तोडणी काल संध्याकाळी. रूपांतरणाचे दुसरे वर्ष." खाली गावाचे नाव, आणि प्रमाणपत्र असेल तर क्रमांक व मुदत. पहिल्या रविवारी सगळ्या टेबलांवर जमले नाही तरी पालक, सांभार आणि वांगी या तीन टोपल्यांवर पाटी असू द्या. ज्या टोपलीची पाटी भरता येत नाही, ती टोपली त्या दिवशी साध्या दराने विका.

कळावे, लोभ असावा.

आपले,
भाजीपाला, कीडनियंत्रण आणि अवशेष तपासणीच्या कामातली काही माणसे
नागपूर